सुंभ, पीळ आणि इस्त्री

'सुंभ जळाला तरी पीळ जात नाही' ही म्हण आपण हेकट माणसाविषयी वापरतो. कुरळ्या केसांच्या बाबतीत ती शब्दशः खरी आहे. इस्त्री फिरवून फिरवून केस जळतात, पीळ मात्र राहतो. नवरात्र आले की आमच्या बडोद्यातील मराठी घरांतूनही नऊ संध्याकाळी ही इस्त्री तापू लागते. मुलीचा ताप-खोकला दाखवून झाल्यावर उठता उठता आई हळूच विचारते, "डॉक्टर, हिचे केस कायमचे सरळ करून घेतले तर चालेल का?" हा प्रश्न नटण्यामुरडण्याचा म्हणून बालरोगतज्ज्ञाने झटकून टाकू नये, असे माझे मत आहे.

केसाचा पीळ ठरतो तो टाळूच्या आत, केशकूपाच्या आकारात. केशकूप वाकडा असेल तर केस वळण घेऊनच उगवतो. टाळूबाहेर आलेला केस हा केराटिनचा निर्जीव धागा असतो. त्याचा आकार दोन प्रकारच्या बंधांनी टिकतो. त्यांपैकी हायड्रोजनचे बंध पाण्याने सुटतात आणि केस ज्या आकारात वाळेल त्या आकारात पुन्हा जुळतात. डायसल्फाइड बंध पाण्याला दाद देत नाहीत. इस्त्री मुख्यतः हायड्रोजनच्या बंधांची घाईने फेरजुळणी करते. म्हणूनच गरब्याच्या दोन फेऱ्या होऊन घाम आला की केस पुन्हा वळतात. परंतु उष्णतेने बिघडलेले केराटिन पूर्ववत होत नाही. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ३० सेंटिमीटर लांब केसाचे टोक अडीच वर्षांचे असते, आणि तितक्या काळातील सारी इजा ते सोबत वागवीत असते.

तरीही मुलींची हौस मोडावी, असे मी म्हणणार नाही. बंदी घातली की मैत्रिणीच्या घरी इस्त्री होते आणि तीही चुकीच्या पद्धतीने. तेव्हा कमीत कमी उष्णतेत हे कसे साधावे, ते सांगणेच शहाणपणाचे. सर्वांत निर्धोक उपाय उष्णतेविना आहे. धुतलेले ओलसर केस मोठ्या रोलरवर ताणून गुंडाळावेत किंवा त्यांची सैल वेणी घालून ते पूर्ण वाळू द्यावेत. पीळ पुरता जात नाही, पण पुष्कळ उलगडतो. ड्रायर वापरायचाच असेल तर तो मंद ठेवावा, वीतभर अंतरावर धरावा आणि सतत हलता ठेवावा.

इस्त्री मात्र पूर्ण कोरड्या केसांवरच फिरवावी. ओल्या केसावर तापलेली पट्टी दाबली की आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे निर्माण होतात आणि केस ठिसूळ होऊन तुटतो. तो 'चर्र' आवाज म्हणजे इस्त्री चांगली बसल्याची खूण नव्हे. अनेक इस्त्र्या २०० अंश सेल्सिअसच्या वर तापतात. मुलींच्या केसांना १५० अंशांच्या आसपास पुरे. आधी सिलिकोनयुक्त संरक्षक द्रव लावावा, लहान बट घ्यावी आणि तिच्यावरून एकदाच, न थांबता इस्त्री न्यावी. नऊपैकी दोन रात्री इस्त्रीच्या ठेवाव्यात. उरलेल्या सात रात्री अंबाडा, वेणी, गजरा आहेतच. न्हाण्यापूर्वी खोबरेल लावण्याची आजीची पद्धतही निराधार नव्हती. धुताना केसातील प्रथिनांचा होणारा ऱ्हास खोबरेलाने कमी होतो, हे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले आहे.

'कायमचे सरळ' या प्रकाराला मात्र, निदान अठरा वर्षांखालील मुलींसाठी, माझा स्पष्ट विरोध आहे. कायम म्हणजे केवळ उगवलेल्या केसापुरते. मुळाशी पुन्हा कुरळाच केस येतो आणि पुन्हा रसायन लावावे लागते. केराटिन उपचाराच्या नावाखालील काही द्रावणांतून तापवल्यावर फॉर्मॅल्डिहाइड वायू बाहेर पडतो. ते मानवात कर्करोग निर्माण करणारे द्रव्य असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच दिला आहे. त्याच्या जागी आलेले ग्लायऑक्सिलिक आम्लही निरुपद्रवी नाही. केस सरळ केल्यानंतर प्रत्येक वेळी, अशा तीनदा, मूत्रपिंडास तीव्र इजा झालेल्या २६ वर्षांच्या एका स्त्रीची नोंद २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आली. तिला लावलेल्या द्रव्यात हे आम्ल होते. ते टाळूतून शोषले जाऊन मूत्रपिंडात ऑक्झलेटचे स्फटिक साचतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले. तेव्हा व्यवसायबंधूंना विनंती, की उलट्या, कंबरदुखी आणि वाढलेले क्रिएटिनिन घेऊन एखादी मुलगी आली तर नेहमीच्या प्रश्नांत आणखी एकाची भर घालावी: "अलीकडे केस सरळ करून घेतलेस का?"

घरात रांगते मूल असेल तर आणखी एक खबरदारी. प्लग काढल्यावरही इस्त्री बराच वेळ तापलेली असते आणि लोंबती वायर मुलाला खुणावते. तळहात भाजला तर २० मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काहीही लावू नये, आणि मग डॉक्टर गाठावा. लहानग्यांच्या हाताचा खोल भाजल्याचा व्रण आखडून बोटे वाकडी होऊ शकतात.

शेवटी मुद्दा वृत्तीचा. सिसिली विल्यम्स यांनी १९३३ साली वर्णन केलेला क्वाशिओरकोर आमच्या पिढीने वॉर्डात पाहिला आहे. त्या बालकांचे केस तांबूस, विरळ, सहज उपटून येणारे असत. आणि ज्यांचे मुळात कुरळे, त्यांचे सरळ होऊ लागत. कुरळ्या केसांचे सरळ होणे हे तेथे उपासमारीचे लक्षण होते! आणि आज खात्यापित्या घरातील निरोगी मुलीला आपल्या कुरळ्या केसांची लाज वाटते. ती लाज आरशाने शिकवलेली नाही. 'झिपरी', 'पिंजारलेली', 'सुगरणीचा खोपा' हे शब्द तिने आपल्याच घरात, शाळेच्या घाईत कोरड्या केसांतून दाट दातांचा कंगवा ओढला जात असताना ऐकलेले असतात. कुरळे केस ओले असताना, कंडिशनर लावून, विरळ दातांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे सोडवले तर सकाळची निम्मी रडारड थांबते. ही साधी गोष्ट आपण आयांना दोन मिनिटांत शिकवू शकतो. मोठेपणी केस सरळ ठेवावेत की कुरळे, हे त्या मुलीने स्वतः ठरवावे. तोवर तिला नावे न ठेवण्याचे काम आपले आहे.