हळद राहू द्या, आधी नळ सोडा
घरच्या मोत्याचा दात लागला की आपण म्हणतो, 'आपलाच तो, त्याला काय होतंय!' पोराच्या पोटरीवर दोन लाल ओरखडे आणि रक्ताचा एखादा थेंब दिसतो. कुणी हळद दाबतं, कुणी तिखट नाहीतर चुना लावतं, आणि विषय संपतो. रेबीजच्या विषाणूला नेमकी हीच ढिलाई मानवते. तो लाळेतून जखमेत उतरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुधा काही आठवडे, कधी महिनेही लागतात. तेवढाच वेळ आपल्या हातात. पाण्याची धास्ती, घशाला आचके अशी लक्षणं दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. एवढा भयंकर आजार टाळणं मात्र सोपं आहे. या विषाणूचं चरबीचं आवरण साबणाने मोडतं. म्हणून जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पोटातल्या १४ इंजेक्शनांची दहशत आता जुनी झाली, लस दंडात देतात. रक्त आलं असेल तर लशीच्या जोडीला जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही टोचावं लागतं. चावा मांजराचा असो वा दोन महिन्यांच्या पिल्लाचा, नियम तोच. पाश्चरने १८८५ साली लशीने मुलगा वाचवून दाखवला; आपण अजून हळदीच्या डब्याकडेच धावतो. तेव्हा मोत्याची वार्षिक लस चुकवू नका, आणि स्वतःचे डोस अर्धवट सोडू नका.