कृपया हिरवळीवर चालावे

‘हिरवळीवर चालू नये’ ही पाटी ज्याने प्रथम लिहिली, त्याच्याविषयी माझे मत फारसे बरे नाही. चालायचेच नाही तर गवत जमिनीवर कशाला लावायचे? भिंतीवर टांगावे. खुर्चीवर बसू नये, पलंगावर झोपू नये, ताटात जेवू नये, अशा पाट्या अजून कुणी लावलेल्या नाहीत. (पुण्यात कुठे असल्यास कृपया मला कळवू नये.) गवताच्या बाबतीत मात्र आपण ही हुकूमशाही निमूटपणे मान्य केली आहे. बागेत जायचे, कडेच्या सिमेंटच्या पट्टीवरून रांगेने गोल फिरायचे, मधल्या हिरव्या चौकोनाकडे मिठाईच्या दुकानातल्या काचेआडच्या बर्फीकडे पाहावे तसे पाहायचे आणि घरी यायचे. याला म्हणे बागेत जाऊन येणे!

हा वाद मी रिकामपणी उकरून काढलेला नाही. आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगाला साठ फूट लांब आणि चाळीस फूट रुंद अशी एक मोकळी जागा आहे. नकाशात तिचे नाव ‘बाग’ असे आहे. प्रत्यक्षात तिथे कमरेइतके काँग्रेस गवत, आघाडा, टाकळा, कोपऱ्यात घाणेरीचे जाळे, बिल्डरने आठवण म्हणून ठेवलेला राडारोडा, दोन टायर आणि एक फुटके कमोड इतका ऐवज आहे. सोसायटीतली वीसेक पोरे पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधल्या फटीत क्रिकेट खेळतात. तिथे कव्हर ड्राइव्ह मारला की आरसा फुटतो आणि सरळ मारला की दिवा. तेव्हा कमिटीने पार्किंगमध्ये खेळण्यास मनाई करणारे परिपत्रक काढले. पोरांनी खेळायचे कुठे, हे लिहायला परिपत्रकात जागा उरली नसावी.

मग बागेचे काहीतरी करू या, असे ठरले आणि विशेष सभेत तीन पक्ष उभे राहिले.

पहिला पेव्हर ब्लॉक पक्ष. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअरकाका त्याचे संस्थापक. “एकदा बसवले की झंझट नाही,” हा त्यांचा जाहीरनामा. आता झंझटच नको असेल तर माणसाने संसारच करू नये. पेव्हर ब्लॉक एप्रिलमध्ये तव्यासारखा तापतो आणि सूर्य मावळल्यावरही तापलेलाच राहतो. त्यावर पडणारे पोर गुडघ्याची साल तिथेच ठेवून येते. पावसाचे पाणी जमिनीत मुरायचे, ते या लाद्यांवरून वाहत खालच्या पार्किंगमध्ये मुक्कामाला येते. म्हणजे मुले पार्किंगमधून बाहेर आणि पाणी पार्किंगच्या आत, अशी ही अदलाबदल आहे. शिवाय मोकळी फरसबंद जागा दिसली की तिथे दुसऱ्या दिवशी एक स्कूटर लागते आणि महिन्याभरात बारा. बाग गेली कुठे, हे विचारायलाही मग जागा राहत नाही.

दुसरा कार्पेट लॉन पक्ष. यांना नर्सरीतून लाद्यांसारखे तुकडे आणून अंथरायचे ते मऊमऊ कोरियन गवत हवे आहे. दिसायला सुरेख, यात वाद नाही. पण हे गवत वाढते सावकाश; पायांखाली एकदा झिजले की भरून यायला फार दिवस घेते. म्हणजे ओघानेच पाटी आली. पाटी आली की वॉचमनच्या हातात शिट्टी आली. माझ्या घरभाड्याइतकाच मेंटेनन्स भरून मी माझ्याच बागेत शिट्टी खाणार!

तिसरा पक्ष प्लास्टिकच्या गवताचा. पाणी नको, कापणी नको, बारा महिने हिरवेगार. त्याचे ऊन्हातले तापमान खऱ्या गवतापेक्षा कितीतरी वर चढते आणि त्यावर घसरले की कातडे भाजल्यासारखे सोलवटते, हे कोणी बोलत नाही. चार-सहा पावसाळ्यांनी ते विटले की गुंडाळून टाकायचे कुठे, हाही प्रश्न पुढच्या कमिटीसाठी राखून ठेवलेला असतो. आणि जे सुकत नाही, वाढत नाही, ज्यात एक मुंगी फिरकत नाही, त्याला गवत म्हणायचे असेल तर दिवाणखान्यातल्या कागदी गुलाबाला रोज पाणी घालायलाही माझी हरकत नाही.

मुळात हे सगळे पक्ष एकाच गैरसमजाची लेकरे आहेत. हिरवळ ही बघायची वस्तू आहे, असे आपल्याला साहेबाने शिकवले. विलायतेतल्या जमीनदारांना, आपल्याकडे इतकी जमीन आहे की तिच्यात काही पिकवायची गरजच नाही, हे शेजाऱ्याला दाखवायचे होते. कोयते चालवायला मजूर आणि चरायला मेंढ्या होत्या. पुढे 1830 साली एडविन बडिंग नावाच्या ग्लॉस्टरशायरच्या इंजिनिअरने कापडगिरणीतले लव कातरायचे यंत्र पाहून गवत कापायचे यंत्र काढले आणि मध्यमवर्गालाही ही हौस परवडू लागली. पण साहेबसुद्धा आपल्याइतका सोवळा नाही. विम्बल्डनचे गवत सामन्यांच्या वेळी बरोब्बर 8 मिलिमीटर राखतात. तरी दुसऱ्या आठवड्यात बेसलाइनपाशी ते पार झिजून माती दिसू लागते. त्याबद्दल कुणी खेळाडूंना परिपत्रक काढल्याचे ऐकिवात नाही.

माझा पक्ष हरळीचा. होय, तीच हरळी. गणपतीपुढे जिच्या एकवीस दूर्वांची जुडी आपण हात जोडून ठेवतो आणि शेतात दिसली की शेतकरी जिच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, ती. सभेत मी ‘हरळी’ म्हणताच हशा पिकला. मग मी सांगितले की हिलाच परदेशात ‘बर्म्युडा ग्रास’ म्हणतात आणि आपल्याकडच्या बहुतेक क्रिकेटच्या मैदानांवर हीच असते. सेक्रेटरींनी ताबडतोब पेन काढून इतिवृत्तात लिहून घेतले. स्वदेशी माल परदेशी नावाने आला की आपल्याला त्याची जात उच्च वाटू लागते.

हरळी तुडवल्याने मरत नाही, याला शास्त्रीय कारण आहे. तिची खोडे जमिनीसरपट धावतात, काही जमिनीखालूनही धावतात आणि प्रत्येक पेरापाशी मूळ धरतात. फुटायचे डोळे इतके खाली असतात की गाईचे दात आणि पोरांचे पाय त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. उन्हाळ्यात पाणी तुटले तर ती वाळून पिवळी पडते. सगळे म्हणतात, गेली. पहिल्या पावसात बाई पुन्हा हिरव्या! चिवट माणसाला आपण ‘हरळीची मुळी’ म्हणतो, ते काही उगीच नाही. तिची एकच अट असते: ऊन भरपूर हवे. आंब्याखालच्या सावलीत ती नांदणार नाही. तिथे मुरूम टाकावा, एक बाक ठेवावा आणि त्यावर आमच्यासारख्यांना बसवावे.

कार्पेटवाल्यांनी माझ्यावर शेवटचे अस्त्र सोडले. “हरळी म्हणजे तण आहे, तण!” अगदी खरे. 1977 साली जगातल्या सर्वांत उपद्रवी तणांवर एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ निघाला, त्यात हरळीचा दुसरा नंबर आहे. पहिला नंबर लव्हाळ्याचा. आणि तो आमच्या बागेत आधीपासून मुक्कामाला आहे. पहिल्या नंबरचा गुंड हटवायचा तर दुसऱ्या नंबरचा आपल्या बाजूला घ्यावा, हे राजकारण आपल्या लोकांना मी समजावून सांगायला हवे का? तुकोबांनी लव्हाळ्याच्या नम्रतेचे कौतुक केले ते पुराच्या संदर्भात. वरून उपटले तर पाते हातात येते आणि जमिनीखाली काळ्या गाठींची माळ शांतपणे पुढच्या बेताला लागते. गंमत म्हणजे याच्याच, किंवा याच्या सख्ख्या भावाच्या, गाठी नागरमोथा म्हणून दिवाळीच्या उटण्यात असतात. फुकट मिळते तेव्हा आपण उपटतो आणि पुडीतून मिळते तेव्हा अंगाला चोळतो.

काम अवघड नाही, वेळेवर करायचे असते एवढेच. काँग्रेस गवत, म्हणजेच गाजर गवत, फुलावर येण्याआधी मुळासकट काढावे. एकेक झाड हजारो बिया टाकते. हातमोजे घालावेत, कारण ते अंगाला लागले की खाज सुटते आणि काहींना दम्याचाही त्रास होतो. हे पाहुणे अमेरिका खंडातून आले आणि भारतात ठळकपणे नोंदले गेले ते 1950 च्या दशकाच्या मध्याला, आमच्या पुण्यात! सगळ्या गोष्टींची सुरुवात पुण्यात झाली, असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्टही यादीत घालावी.

मग राडारोडा काढून एप्रिल-मेमध्ये जमीन वीतभर खोल खणावी आणि उन्हात तापू द्यावी. उघड्यावर पडलेल्या लव्हाळ्याच्या गाठी उन्हाने सुकून मरतात. थोडे पाणी मारावे, उरलेल्या गाठी फुटून वर येतात, की पुन्हा खणावे. असे दोन-तीनदा. जमिनीला इमारतीपासून दूर असा हलका उतार द्यावा. शेणखत पूर्ण कुजलेलेच घालावे; कच्च्या शेणातून नव्या तणांचे बी आपण पैसे देऊन विकत आणतो. जूनमध्ये पाऊस बसला की हरळीचे मुळ्या असलेले तुकडे वीत-अर्ध्या वीतभर अंतरावर दाबून लावावेत. एवढेच दोन-अडीच महिने ‘चालू नये’ ही पाटी मला मान्य आहे, पण पाटीवर मुदत लिहायची: गणपतीपर्यंत. बाप्पाला दूर्वा घरच्याच.

पुढे कापताना उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापू नये. न्हाव्याने मुंज केल्यासारखी जमीन तासली की तिथे पहिले तणच उगवते. पाणी रोज शिंपडण्याऐवजी चार दिवसांनी, पण मुळांपर्यंत जाईल असे द्यावे. आणि स्टंप दर महिन्याला दुसरीकडे रोवावेत, म्हणजे एकाच जागी टक्कल पडणार नाही.

“टक्कल तरी पडणारच की हो!” इति इंजिनिअरकाका. पडेल. काका, तुमच्या-माझ्या डोक्यावरही पडलेच आहे. ते वापराने पडले असे आपण अभिमानाने म्हणतो ना? त्या जागी कडेचे चार तुकडे खोचले की हरळी पावसाळ्यात भरून काढते. आपल्या बाबतीत ती सोय नाही.

“पोरे चिखलाचे पाय घेऊन घरात येतील,” असे पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. येतील, वहिनी. चिखल पुसता येतो. पण आठ-नऊ वर्षांचे पोर संध्याकाळी साडेपाचला कोचावर पडून मोबाइलच्या उजेडात निळे पडलेले असते, ते कुठल्या फडक्याने पुसायचे, हे मला अजून कुणी सांगितलेले नाही. अनवाणी गवतावरून पळणे, पडणे, उठणे, आऊट नसताना आऊट देणे आणि त्यावरून भांडणे, हे शिकायचा क्लास गावात निघालेला नाही. निघाला तर फी भरून तिथे पहिली रांग आपणच लावू.

पुढच्या रविवारी हरळीचा ठराव सभेपुढे येतो आहे. सूचक मी आहे. अनुमोदन द्यायला वीसेक सभासद एका पायावर तयार आहेत, बॅट घेऊन गेटपाशीच उभे असतात. अडचण एवढीच, की सोसायटीच्या नियमांप्रमाणे त्यांना मत नाही. तेव्हा ज्यांना मत आहे त्यांनी ते देण्यापूर्वी एकदा चप्पल काढून गवतावर उभे राहावे. गवत कुठे सापडेल, हे मात्र विचारू नये. जिथे असेल तिथे पाटी असेल. ती न वाचता खुशाल आत जावे.