तरोट्याचा भाव

मृगाचा पाऊस पडला की पऱ्हाटी आणि ज्वारी मातीतून डोके काढत असतानाच धुऱ्यावर आणखी एक झाड उगवते. त्याला कोणी पेरत नाही, खत देत नाही, पाणी देत नाही. विदर्भात आपण त्याला तरोटा म्हणतो, पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात टाकळा म्हणतात. पावसाळा सरता सरता त्याच्या पिवळ्या फुलांनी धुरे भरून जातात आणि दिवाळीनंतर विळ्यासारख्या वाकलेल्या शेंगा वाळू लागतात. हिरव्या पाल्याला गुरेसुद्धा सहसा तोंड लावत नाहीत. म्हणून आपण त्याची किंमत शून्य ठरवून टाकली आहे. शून्य ठरवणारे आपण आणि त्या शून्यातून कमावणारे दुसरेच! या बैठकीच्या अंकात कापसाचा भाव घटकाभर बाजूला ठेवून आम्ही तरोट्यावर लिहीत आहोत, ते यासाठी.

जुन्या वैद्यकात तरोट्याला चक्रमर्द म्हटले आहे. त्याचे दुसरे नाव दद्रुघ्न. दद्रु म्हणजे गजकर्ण आणि ते घालवणारा तो दद्रुघ्न. औषधाचा गुण नावातच सांगून ठेवला आहे. आपल्या आया-आज्यांनी संस्कृत वाचले नव्हते. तरीही तरोट्याचे बी आंबट ताकात भिजवून, पाट्यावर वाटून गजकर्णावर आणि नायट्यावर लावायचे, हे त्यांना ठाऊक होते. पुढे प्रयोगशाळेत या बियांची तपासणी झाली, तेव्हा त्यात क्रायसोफॅनिक आम्लाच्या जातीची द्रव्ये सापडली. ही द्रव्ये गजकर्णाच्या बुरशीला मारक आहेत. म्हणजे पाटा-वरवंट्यावरचे ते ज्ञान अंधश्रद्धा नव्हते, अनुभवाने पारखलेले होते.

भाजीचेही तेच. आषाढात घरातले धान्य सरत आलेले असते आणि हाती पैसा नसतो. त्या दिवसांत लसूण-मिरचीची फोडणी दिलेली तरोट्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी कित्येक घरांनी खाल्ली आहे. ती पोट साफ करते हाही जुना अनुभव, आणि त्याचे कारणही बरेचसे याच द्रव्यांत आहे. फूल आले की पाला कडू होतो, मग कोणी खात नाही.

पण गुण सांगणाऱ्याने धोकाही सांगितला पाहिजे. रानातले म्हणून सगळेच निर्धोक, असे म्हणणारे शहरात बरेच निघाले आहेत. त्यांना धुऱ्यावर वाकून झाडे ओळखावी लागत नाहीत. तरोट्याच्या शेजारीच त्याचा भाऊबंद कासविंदा उगवतो. फूल तसेच पिवळे. पश्चिम उत्तर प्रदेशात बिजनौरच्या भागात लहान मुले एकाएकी बेशुद्ध पडून दगावत होती. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने बोट ठेवले ते कासविंद्याच्या शेंगांवर. मुलांनी खाल्लेल्या त्या बिया यकृत, स्नायू आणि मेंदूवर उठल्या असाव्यात, असा डॉक्टरांचा निष्कर्ष होता.

तेव्हा खूण पक्की करून घ्या. तरोट्याच्या पानाला पानोळ्यांच्या तीन जोड्या असतात, पानोळीचे टोक गोलसर असते आणि शेंग बारीक, लांब, वाकडी असते. कासविंद्याला बहुधा त्याहून जास्त जोड्या, पानोळीचे टोक अणकुचीदार, शेंग चपटी. ही खूण घरातल्या पोरांनाही दाखवा. तरोट्याचे कच्चे बीसुद्धा पोटात घेण्याची वस्तू नाही. गरोदर बाईने त्याच्या वाटेला जाऊ नये. बियांच्या लेपाने पंधरा दिवसांत नायटा उतरला नाही, किंवा कातडी सोलवटली, तर सरळ डॉक्टर गाठावा. मात्र दुकानातून मिळेल ते स्टेरॉइड मिसळलेले मलमही चोळत बसू नये. त्याने खाज थांबते आणि गजकर्ण अंगभर पसरते.

तणनाशक मारायचे की निंदण करायचे, हा ज्याच्या त्याच्या हिशोबाचा प्रश्न आहे. पण ज्या धुऱ्यावर फवारा गेला, तिथली भाजी चुलीपर्यंत जाता कामा नये. आणि सगळाच तरोटा उपटण्यापूर्वी एक लक्षात घ्यावे. गाजरगवत माजलेल्या पडीक जागी तरोट्याचे बी फेकावे, म्हणजे तरोटा त्याला दाबतो, असा सल्ला तणांचे शास्त्रज्ञच देतात.

आता भावाचे बोलू. दिवाळीनंतर मजूर बाया शेंगा तोडतात, वाळवतात, बडवतात आणि पाखडलेले बी गावातल्या व्यापाऱ्याला विकतात. भाव विचारला की उत्तर ठरलेले: "जंगली माल आहे, त्याला काय भाव असणार?" हाच जंगली माल पुढे गिरणीत जातो. बियांचे टरफल आणि अंकुर काढून आतल्या गरापासून डिंकाची भुकटी करतात. कुत्र्या-मांजरांच्या डबाबंद खाद्याला घट्टपणा यावा म्हणून ती परदेशात वापरली जाते. युरोपने २०१० साली माणसांच्या खाद्यपदार्थांतही तिला परवानगी दिली आणि ई ४२७ हा क्रमांक दिला. गंमत अशी, की गजकर्ण बरे करणारी द्रव्ये या भुकटीत जवळजवळ उरताच कामा नयेत, किलोला अर्ध्या मिलिग्रॅमहून कमी असावीत, असा तिथला नियम आहे. गिऱ्हाईक आपल्या मालाचे मिलिग्रॅम मोजते. आपल्या बाया मात्र पायलीने माप घालून, मिळेल ते घेऊन घरी येतात.

ज्ञानाचेही असेच झाले आहे. हळदीने जखम भरते, या गोष्टीवर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. आपल्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे ठेवले, तेव्हा १९९७ साली ते रद्द झाले. तिथे आजीची साक्ष चालली नसती, लिहिलेला कागद चालला. गावाच्या जैवविविधता समितीने लोकांच्या माहितीची नोंदवही करावी, असे आता आपला कायदाही सांगतो. पण ती कपाटात ठेवायला नको. झाडाचे नाव, ओळख, उपयोग, धोका आणि भाव या पाच गोष्टी त्यात पाहिजेत. माहिती सांगणाऱ्या बाईचे नावही पाहिजे.

सरकारने तरोट्यासाठी योजना काढावी, अनुदान द्यावे, असे आम्ही म्हणत नाही. आपला माल काय आहे हे आधी आपल्याला कळू द्या. येत्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने मूठभर बी आणि गेल्या हंगामात त्याला मिळालेला भाव कागदावर लिहून आणावा. बी वेचणाऱ्या बायांनाच सोबत आणले तर अधिक बरे. पन्नास गावांचे भाव एका फळ्यावर मांडले, की "जंगली माल" म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचे ते तिथेच ठरवू.