रक्तवाहिनी ताठरण्याआधी

निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराला ठिबकच्या नळीविषयी वेगळे सांगावे लागत नाही. काही हंगाम उन्हात गेले की ती ताठरते, तडकते, मग बदलायची. रक्तवाहिन्यांकडेही बहुतेक लोक अशाच नजरेने पाहतात. नळीतला दाब वाढला, गोळी घेतली, दाब उतरला, काम झाले. मग गोळी बंद होते. रक्तदाबाचा उपचार अर्ध्यावर सुटण्यामागे ही समजूत मोठे कारण आहे. ती बदलायला हवी, कारण रक्तवाहिनीची भिंत जिवंत असते आणि तिच्यातल्या पेशींना भोवतालचा कडकपणा कळतो.

धमनीचे आतले अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचे असते. त्याला आधार देतात ते इलॅस्टिनचे लवचीक आणि कोलेजनचे चिवट धागे. इलॅस्टिन मुख्यतः जन्माआधी आणि बालपणी तयार होते. प्रौढ वयात ते जवळजवळ नव्याने बनत नाही. हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देते. अनेक वर्षांच्या या ताणाने इलॅस्टिनचे धागे झिजतात आणि भार कोलेजनवर येतो. मधुमेहात साखर कोलेजनला चिकटून धागे एकमेकांत जखडतात. उच्च रक्तदाब आणि तंबाखू ही झीज आणखी लवकर घडवून आणतात.

पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये धमनीच्या अस्तराच्या पेशी मऊ आणि कडक अशा दोन्ही प्रकारच्या जेलवर वाढवल्या. कडक जेलवरच्या पेशी अधिक जोराने आकसू लागल्या, त्यांच्यातले सांधे सैल झाले, अस्तर पाझरू लागले आणि पांढऱ्या पेशी त्यातून सहज आत शिरू लागल्या. धमनीत चरबीचे थर साचण्याची सुरुवात अशाच पाझरण्यातून होते. पेशींचे हे आकसणे औषधाने रोखल्यावर पाझर कमी झाला. पेशींवरचा दाब आणि ताण ओळखणाऱ्या पिएझो या प्रथिनांच्या शोधासाठी आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ च्या नोबेल पुरस्काराचा मान मिळाला. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातही ही प्रथिने असतात.

धमनीच्या मधल्या थरातील स्नायुपेशीही कडक परिसरात आपले वागणे बदलतात. आकुंचन-प्रसरण सोडून त्या जास्त कोलेजन तयार करू लागतात. पुढे तिथे कॅल्शियमही साचते. म्हणजे भिंत कडक झाली की पेशी बिघडतात आणि बिघडलेल्या पेशी भिंत आणखी कडक करतात. हे चक्र वर्षानुवर्षे कोणत्याही त्रासाशिवाय चालते. जखडलेले कोलेजन पुन्हा मोकळे करणारे औषध अजून रुग्णांपर्यंत पोहोचलेले नाही. त्यामुळे चक्र सुरुवातीलाच अडवणे हाच खरा उपाय.

ते सुरू झाल्याची एक खूण साध्या रक्तदाबयंत्रावरही दिसते. वरचा आणि खालचा आकडा यांतले अंतर साधारण ४० असते. उतारवयात १७०/७० असा दाब आला की 'खालचा तर चांगला आहे' म्हणून घरचे निर्धास्त होतात. प्रत्यक्षात १०० चे हे अंतर मोठ्या धमन्या ताठरल्याचे सांगते. लवचीक धमनी प्रत्येक ठोक्याचा धक्का सोसून घेते. ताठर धमनी तो थेट मेंदूच्या आणि मूत्रपिंडाच्या नाजूक वाहिन्यांपर्यंत पोहोचवते. हे अंतर वारंवार ६० च्या वर दिसले तर डॉक्टरांना मुद्दाम दाखवावे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातील १५ वर्षांवरील २४ टक्के पुरुषांत आणि २१ टक्के स्त्रियांत रक्तदाब वाढलेला आढळला किंवा त्यासाठी औषधे सुरू होती. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाची राज्यातली सुरुवात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा या जिल्ह्यांत झाली. ठरावीक औषधे, गावाजवळ वाटप आणि प्रत्येक रुग्णाचा पाठपुरावा हे त्याचे सूत्र. ते योग्यच आहे. पण नाशिकसारख्या जिल्ह्यात त्याला आणखी एक जोड हवी. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतील अनेक कुटुंबे छाटणीच्या हंगामात द्राक्षबागांच्या कामावर निघतात. गोळ्या गावच्या केंद्रात आणि माणूस निफाडच्या बागेत, अशी स्थिती असेल तर खंड पडणारच. एका दिवसाची मजुरी बुडवून गोळ्या आणायला कोण जाईल? स्थलांतराआधी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात आणि कामाच्या ठिकाणच्या आरोग्य केंद्रात जुन्या नोंदीवर त्या मिळाव्यात. यासाठी नवे रुग्णालय बांधावे लागत नाही.

घरच्या घरी करण्यासारखेही पुष्कळ आहे. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजावा. दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवावे. त्यात लोणचे, पापड आणि फरसाणातले मीठही मोजावे. तंबाखू सोडावी, रोज अर्धा तास भरभर चालावे. याने ताठरलेली धमनी पूर्ववत होत नाही, पण काही प्रमाणात सैलावते आणि पुढची झीज मंदावते. आकडा नॉर्मल येतो तो गोळी चालू असल्यामुळे, हे लक्षात ठेवावे आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती थांबवू नये. ठिबकची नळी दुकानातून नवी आणता येते. मेंदू आणि मूत्रपिंडापर्यंत गेलेल्या हजारो वाहिन्यांची तशी सोय नाही.