तहकुबीचे समर्थन

धाकट्या भावाच्या कर्जास मी जामीन राहिलो होतो. त्या थकबाकीची नोटीस गेल्या वर्षी श्रावणात माझ्या नावे येऊन, आम्हां दोघांचे बोलणे सर्वस्वी बंद पडून, सामाईक द्राक्षबागेच्या वाटणीचा दावा लावण्यासाठी वकीलपत्रावर सही करण्यापर्यंत मजल गेली असता, मिरजेच्या एका ख्रिस्ती स्नेह्याच्या सांगण्यावरून मी घाटमाथ्यावरील एका एकांतवासगृहात आठ दिवस मौन धरून राहून आलो. ही वार्ता तासगावच्या पेठेत पसरण्यास आठ तासही लागले नाहीत. तेव्हापासून माझ्यावर जी फिर्याद चालली आहे तिला एकदा लेखी कैफियत द्यावी, म्हणून हा खटाटोप.

पहिला आक्षेप परकेपणाचा. आपल्याकडे भंडाऱ्याचा डोंगर असताना, शिवथरची घळ असताना, पाद्र्यांच्या दारात जाण्याचे प्रयोजन काय, असे आमचे एक वयोवृद्ध मास्तर विचारतात. त्यांना मी एवढेच सुचवतो की, परशुरामभाऊ पटवर्धनांनी कर्नाटकाच्या मोहिमांत पाहिलेली द्राविडी गोपुरे मनात धरून आपल्या गणपतीपुढे सात मजली गोपूर उभारले, आणि त्यास परक्यांची नक्कल म्हणणारा तासगावकर मला अद्याप भेटलेला नाही. शिवाय आपला तालुका ज्या सातारा जिल्ह्यात तेव्हा मोडत होता, त्याच जिल्ह्याच्या ठाण्याच्या गावी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे सांगणाऱ्या त्या पुरुषाचा दरबार मास्तरांनी परका ठरवावा की घरचा, हे त्यांचे त्यांनी पाहावे.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे आणि तो माझ्या वकील मित्राचा आहे. त्याचे म्हणणे असे की, संकटात सापडलेला मनुष्य हा कायद्याच्या भाषेत अज्ञानासारखा असतो. त्याच्याकडून त्या अवस्थेत करून घेतलेला कोणताही करार, मग तो देवाशी का असेना, रद्दबातल समजावा. रोग बरे करण्याची ग्वाही देऊन मंडप भरवणारे कित्येक उपदेशक याच दुर्बलतेवर पोसले जातात, हे मी नाकारीत नाही. परंतु ज्या साधनापद्धतीने मी ते आठ दिवस काढले, तिच्या कर्त्याने हा आक्षेप वकिलाच्या कितीतरी आधी ओळखला होता. इग्नेशियस लोयोला हा स्पेनचा शिपाईगडी. १५२१ साली पांप्लोनाच्या वेढ्यात तोफगोळ्याने पाय मोडला, आणि अंथरुणावर शौर्याच्या कादंबऱ्या मागितल्या असता घरात ख्रिस्तचरित्र व संतचरित्रेच निघाली म्हणून तीच वाचीत पडला. पुढे मान्रेसा येथे त्याने आपल्याच मनाचे भरती-ओहोटीचे जे टिपण ठेवले, त्यातून त्याचा साधनाग्रंथ सिद्ध झाला आणि १५४८ साली त्यास पोपची मान्यता मिळाली. त्यात दोन नियम आहेत. मन विषण्ण असेल तेव्हा आधी केलेला कोणताही निश्चय बदलू नये, हा एक. आणि मन उत्साहाने उचंबळून आले असेल तेव्हा मार्गदर्शकाने साधकास घाईची शपथ वा नवस करू देऊ नये, हा दुसरा.

हे दोन्ही नियम मजवर लागू झाले. तिसऱ्या दिवशी, बागेतली प्रत्येक वेल भावाने माझ्या हातून हिसकावली आहे अशा भावनेने मी खाली उतरून दावा दाखल करण्यास निघालो होतो. माझे मार्गदर्शक असलेल्या वृद्ध फादरांनी ‘आज नको’ एवढेच म्हटले. सहाव्या दिवशी क्षमेच्या भरात माझा कंठ दाटून आला, आणि माझा सारा हिस्सा भावाला देऊन टाकतो, हक्कसोडपत्राचा कागद मागवा, असे मी त्यांना सांगितले. मला वाटले होते की ते आशीर्वाद देतील. त्यांनी त्याच स्वरात पुन्हा ‘आज नको’ म्हटले, आणि जेवण झाले का, ते विचारले. बाप्तिस्म्याचा विषय त्यांनी आठ दिवसांत काढला नाही. दुर्बल मनुष्याकडून करार करून घेणे दूरच, तो आपण होऊन सही करण्यास धावला असता हातातली लेखणी काढून घेणारे हे शास्त्र आहे, आणि माझ्या वकील मित्राच्या धंद्यात असा नियम असता तर निम्मी कचेरी ओस पडली असती.

राहिला पलायनाचा आरोप. एलीया संदेष्टा राणी ईजबेलच्या भयाने रानात पळाला आणि झुडपाखाली पडून मरण मागू लागला, ही कथा मला तेथे वाचावयास दिली होती. देवदूताने त्यास उपदेश केला नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. मग होरेब डोंगरावर वारा, भूकंप आणि अग्नी होऊन गेल्यावर जी मंद वाणी आली, तिने प्रथम, तू इथे काय करतोस, असे विचारले, आणि लगोलग दोन राजांचे अभिषेक व स्वतःचा वारस नेमणे अशी कामे अंगावर टाकून, आला त्या वाटेने परत पाठवले. ज्या पलायनाच्या शेवटी कामांची यादीच हाती मिळते, त्यास पलायन म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

मात्र आठ दिवस मोकळे मिळणे ही सुखवस्तूंची चैन आहे, असे बेदाण्याच्या शेडवर रोजाने काम करणाऱ्या एका बाईंनी मला सुनावले, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. ज्यांना कामधंदा सोडता येत नाही त्यांनी घरीच रोज दीड तास द्यावा, अशी सोय इग्नेशियसने ठेवली आहे खरी. पण त्या बाईंचा दीड तास कोण मोकळा करणार, हे त्याच्या ग्रंथात नाही.

वकीलपत्र अद्याप कपाटात कोरेच आहे, आणि हक्कसोडपत्रही झालेले नाही. ऑक्टोबरच्या फळछाटणीला मी कात्री घेऊन बागेत उतरलो, तेव्हा भाऊ पलीकडच्या ओळीत होता. पहिला दिवस तो बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, माझ्याकडे न पाहता, दावण्यावरचे औषध कोणते आणले आहे, ते त्याने विचारले.