गाडीची खोटी

कोल्हापूरकडून साखर भरून निघालेली दहाचाकी गाडी भिवंडीला पोहोचायला अकरा-बारा तास लागतात. एका खेपेला मी पहाटे चारला गोदामाच्या फाटकावर उभा राहिलो. वॉचमनने वहीत नंबर घातला, अडतीसावा. माल उतरून पोच हातात पडली ती दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला. म्हणजे जेवढा वेळ गाडी चालवली, त्याच्या जवळजवळ तिप्पट वेळ मी नुसता थांबलो. या थांबण्याला आमच्या धंद्यात ‘खोटी’ म्हणतात. ‘शेठ, गाडीची खोटी झाली,’ असे ड्रायव्हर फोनवर सांगतो, मालक ‘बरं’ म्हणतो आणि विषय संपतो. त्या चौतीस तासांची नोंद मग कुठल्याच कागदावर राहत नाही.

सव्वीस वर्षे हा धंदा करून दोन वर्षांपूर्वी मणक्याच्या दुखण्याने मी स्टिअरिंग सोडले. आता सकाळी पेपर वाचतो. ट्रकच्या अपघाताच्या बातमीत ‘चालकाचा ताबा सुटल्याने’ हे शब्द हमखास असतात. ताबा सुटतो हे खरेच आहे. ड्रायव्हरची चूक नसते असे मी मुळीच म्हणणार नाही. पण माझा अनुभव असा, की तो घाटात सुटण्याच्या कितीतरी आधी, फाटकाबाहेरच्या रांगेत सुटायला लागलेला असतो.

वाचक म्हणतील, उभ्या गाडीत झोपायला काय झाले? झोप लागेल अशी ती जागाच नसते. दर अर्ध्या तासाने रांग दहा फूट सरकते. डोळा लागला आणि मागचा पुढे गेला, की नंबर गेला. टाकीतले डिझेल आणि बॅटरी यांवर नजर ठेवावी लागते. मे महिन्यात केबिनचा पत्रा तव्यासारखा तापतो. ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालवाहू गाड्यांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, ती चांगलीच गोष्ट आहे. पण रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या गाड्यांना तिचा उपयोग नाही. गोदामातले स्वच्छतागृह ‘स्टाफसाठी’ असते. ड्रायव्हरने कुठे जायचे, हे विचारायचे नसते.

वर वाराईचा तगादा. माल व्यापाऱ्याचा, गोदाम व्यापाऱ्याचे, आणि उतरवण्याचे पैसे मात्र ट्रकवाल्याने द्यायचे! ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ ही घोषणा वाहतूकदारांनी कितीदा दिली; फाटकाच्या आत ती पोहोचलेली मला तरी दिसली नाही.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. रस्ता पूर्वीपेक्षा मोकळा झाला. मुंबईच्या जकात नाक्यावर आम्ही रात्री काढल्या आहेत. १ जुलै २०१७ ला वस्तू आणि सेवा कर आला आणि ते नाके उठले. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला, टोलवरची सुट्ट्या पैशांची हुज्जत मिटली. वाचलेले तास ड्रायव्हरच्या झोपेला मिळतील असे मला भाबडेपणाने वाटले होते. ते मिळाले नाहीत. गाड्या लवकर पोहोचू लागल्या आणि गोदामाच्या फाटकावर जास्त वेळ थांबू लागल्या. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विसावा असे लिहिले होते. माझ्या सव्वीस वर्षांत मला तो विसावा कोणी दिला नाही.

आता उताराविषयी. कात्रजच्या नव्या बोगद्यातून पुण्याकडे बाहेर पडले की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अवजड गाडीने अठ्ठेचाळीसच्या आसपास वाहनांना ठोकरले आणि उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची खोड सर्वांना कळली. ही खोड येते कुठून? खेपेचा खर्च ठोक ठरलेला असतो. डिझेल मोजून मिळते. वाचले तर चार पैसे आपले, आणि खोटीत खाल्लेल्या जेवणांची भरपाई त्यातूनच करायची. मीही न्यूट्रल केली आहे. एका पहाटे, दोन रात्रींच्या जागरणानंतर, त्याच उतारावर ब्रेक लायनिंग जळाल्याचा वास आला. पेडल खाली जात होते, गाडी ऐकत नव्हती. कसाबसा खालचा गिअर पडला म्हणून आज हे लिहितो आहे. कडेला घेतली तेव्हा मागच्या ड्रममधून धूर येत होता आणि किन्नर गाढ झोपला होता.

तेव्हापासून एक नियम पाळला: जो घाट ज्या गिअरने चढावा लागेल, त्याच गिअरने उतरायचा, आणि गिअर उतार सुरू होण्याआधीच टाकायचा. इंजिन बंद केले तर कॉम्प्रेसर थांबतो, ब्रेकच्या टाकीत नवी हवा येत नाही, स्टिअरिंग दगडासारखे होते. डोळ्यांवर चहाचा इलाज तासभर चालतो. वीस मिनिटांची झोप त्याहून खरी. आणि मोटारवाल्यांना एक विनंती. उतारावर ट्रकपुढे मोकळी जागा दिसली की तीत घुसू नका. ती जागा आम्ही थांबण्यासाठी राखलेली असते.

माझे मागणे फार मोठे नाही. गाडी फाटकावर आली ती वेळ आणि सुटली ती वेळ, दोन्ही पोचपावतीवर लिहा. ठरल्या तासांपुढचे हॉल्टिंग द्या आणि त्यातला ठरीव हिस्सा ड्रायव्हरच्या हातात पडू द्या. वेळेला पैसे पडू लागले की रांगा आपोआप आखडतील, याची मला खात्री आहे.

परवा भाच्याचा फोन आला. तोही याच लाइनीवर आहे. ‘मामा, कालपास्नं उभाय, अजून नंबर न्हाई.’ म्हटले, वाईच झोप काढ की. ‘गाडी पुढं कोण घेणार? किन्नर परवडतोय कुठं आता?’ सकाळी पुन्हा फोन लावला, तर पहाटे गाडी रिकामी करून तो लगेच परतीच्या भरतीला निघाला होता. घाट चढण्याआधी खालापूरला बाजूला लाव, तासभर पड, एवढेच सांगितले.

‘बघतो,’ म्हणाला.