एकच पुस्तक, आठच दिवस?

"काकू, माझं नाव अजून लालच आहे का?"

ऑगस्टमधल्या एका शनिवारी तिसरीतल्या एका मुलीनं मला विचारलं आणि मला उत्तर सुचेना. कारण वहीत तिच्या नावाखाली लाल रेघ मारली होती ती मीच.

मैत्रिणींनो, वसई-विरार पट्ट्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी दर शनिवारी पुस्तकं द्यायला-घ्यायला जाते. ना पद, ना पगार. एक लोखंडी कपाट, एक लांब वही आणि दीड तास. प्राथमिक शाळेला ग्रंथपाल नसतो, बाईंना वर्ग सांभाळून शंभर कामं असतात, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. आल्या आल्या मी नियम केले. एका मुलाला एक पुस्तक, आठ दिवसांसाठी. हरवलं किंवा फाटलं तर भरपाई होईपर्यंत दुसरं मिळणार नाही. पहिलीच्या मुलांनी तिथंच बसून बघायचं, घरी न्यायचं नाही. मुलांना शिस्त लागली म्हणून शाळा खूश होती आणि मीही.

त्या मुलीचं घर चाळीत, तळमजल्यावर. जुलैच्या पावसात रात्री खोलीत पाणी शिरलं. आपल्याकडे हे नवं नाही. 2018 च्या जुलैत तर नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी येऊन गाड्या बंद पडल्या होत्या आणि वसई-विरारमधली कितीतरी घरं पाण्यात होती. तर त्या रात्री गादी, पीठ, दप्तर यांच्याबरोबर आमच्या पुस्तकाचाही लगदा झाला. किंमत साठ रुपये. आई कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जाते. ओली गादी बदलायची की पुस्तकाचे पैसे भरायचे? मुलीनं मला काहीच सांगितलं नाही. पाच शनिवार ती येत राहिली आणि मैत्रिणीच्या खांद्यावरून तिचं पुस्तक वाचत राहिली. मी समोर बसलेली असून माझ्या लक्षात आलं नाही. वहीत सगळं बरोबर होतं ना!

तेव्हापासून हा नियमांचा विषय डोक्यात घोळतोय.

मर्यादा मुळीच नको, असं मी म्हणणार नाही. जिनं एकदा तरी शाळेचं कपाट सांभाळलंय ती तसं म्हणणारच नाही. आमच्याकडे मुलं एकशे ऐंशी आणि धड अवस्थेतली पुस्तकं दोनशे चाळीस. प्रत्येकानं दोन-दोन मागितली तर कपाट पहिल्या अर्ध्या तासात रिकामं. शिवाय आपल्याकडची बरीच वस्ती भाड्याच्या घरात. अकरा महिन्यांचा करार संपला की बिऱ्हाड विरारहून नालासोपाऱ्याला, नाहीतर थेट गावाला. मुलाबरोबर पुस्तकही जातं, ते काही परत येत नाही.

शिक्षकांची भीती तर वेगळीच. शाळेची पुस्तकं डेडस्टॉक रजिस्टरला चढलेली असतात. बदली झाली, चार्ज द्यायची वेळ आली की टेबल-खुर्च्यांबरोबर पुस्तकंही मोजली जातात. कमी भरली तर खुलासा कोणी द्यायचा? त्यापेक्षा कुलूप बरं. एका शाळेत मला मोठ्या अभिमानानं सांगितलं गेलं होतं, की आमची पुस्तकं दहा वर्षांत अगदी नवीकोरी राहिली आहेत. मी मान डोलावली. घरी आल्यावर वाटलं, अहो, पण मग ती वाचली कोणी?

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी 1931 साली या शास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं पहिलंच सूत्र पुस्तकं वापरासाठी असतात, हे आहे. यात सांगण्यासारखं काय, असं वाटेल. पण मध्ययुगात युरोपातल्या ग्रंथालयांत पुस्तकं साखळीनं फळीला बांधून ठेवत, कारण जपणं हेच मुख्य काम मानलं जाई. आपल्या कपाटांना साखळी नाही एवढंच.

आता जरा हिशेब मांडू, आपण बायका त्यात पटाईत असतो. पहिली-दुसरीच्या मुलांचं चित्रांचं पुस्तक सोळा पानांचं. दहा मिनिटांत वाचून होतं, शाळेतून घरी पोचेपर्यंतच संपतं. मग उरलेले सात दिवस काय? शाळेचे चाळीस आठवडे धरले तर वर्षाला चाळीस पुस्तकं, म्हणजे चारशे मिनिटं. सात तासही होत नाहीत. आपण एका महिन्यात एकच मालिका याहून जास्त वेळ बघतो. उलट चौथीतल्या मुलानं भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ नेला तर त्याला आठ दिवस पुरत नाहीत. क्लास, सामान आणणं, धाकट्या भावाला सांभाळणं, यातून निम्मं पुस्तक होतं न होतं तोच आम्ही ते परत मागतो. एकाच नियमानं एकाला उपास घडतो आणि दुसऱ्याच्या तोंडचा घास जातो.

म्हणून माझं म्हणणं असं, की मर्यादा मुलाची इयत्ता बघून नको, पुस्तकाची जाडी बघून हवी. पातळ असतील तर तीन न्या, जाड असेल तर एक, पण पंधरा दिवस ठेवा. पातळ पुस्तकं तीन-तीन दिली तरी फिरतात लवकर, म्हणून पुरतात. आणि तेच पुस्तक पुन्हा मागितलं तर नाही म्हणायचं नाही. एक मुलगा ट्रॅक्टरचं एक पुस्तक सारखं मागायचा. चौथ्या वेळी मी म्हटलं, "अरे, दुसरं घे की." त्याचा चेहराच पडला. बाईंनी नंतर सांगितलं, की त्याला अजून नीट वाचता येत नाही. ते एकच पुस्तक ऐकून ऐकून पाठ झालंय, म्हणून बोट ठेवून तेवढं ‘वाचता’ येतं. वाचायला लागायची हीच तर पायरी, आणि मी ती काढून घ्यायला निघाले होते.

पहिलीच्या मुलांना पुस्तक घरी न देण्याचं मला आता सगळ्यात वाईट वाटतं. ती फाडतील म्हणून नाही दिलं. आपल्याच पालघर जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काम केलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात तेव्हा त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात नेली. आज सरकारी झालेला ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यांच्याच कामातून आला. मूल नियमात बसत नसेल तर त्या नियम उचलून मुलाजवळ नेत असत. आणि आम्ही पाच वर्षांच्या लेकराला कपाटासमोर बसवून सांगतो, हात लाव, पण नेऊ नकोस!

राहिला दंडाचा प्रश्न. अमेरिकेतल्या शिकागो शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयानं ऑक्टोबर 2019 मध्ये उशिराचा दंड रद्द केला. झालं काय, तर वर्षानुवर्षं घरात पडून राहिलेली पुस्तकं लोक परत आणून देऊ लागले. दंडाच्या भीतीनं पुस्तक परत येत नव्हतं आणि माणूसही येत नव्हता. आमची ती मुलगी निदान येत तरी होती. किती मुलं लाल रेघेनंतर कपाटाकडे फिरकलीच नसतील, हे माझ्या वहीतून कळत नाही.

मी बाईंशी आणि मुख्याध्यापकांशी बोलले. लाल रेघ बंद केली. आता पुस्तक हरवलं तर त्या मुलाला काही दिवस तीनऐवजी एक मिळतं, पण मिळतंच. फाटलेलं पुस्तक ज्याच्या हातून फाटलं त्यानं शनिवारी माझ्याबरोबर बसून खळ आणि पातळ कागद लावून चिकटवायचं. पावसाळ्यात प्रत्येकाला प्लॅस्टिकची पिशवी. खोटं कशाला सांगू, पुस्तकं जास्त गेली. आदल्या वर्षी चार गेली होती, नंतर अकरा. कपाटापुढे उभी राहिले की त्या रिकाम्या जागा मला दिसतात. पण चारच गेली तेव्हा निम्मं कपाट कोणी हलवलंही नव्हतं.

पैशांचं म्हणाल तर अगदीच वाट नाही असं नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात गोष्टींची पुस्तकं हवीत, असं त्यात लिहिलेलं आहे. 2018 मध्ये आलेल्या समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना इयत्तांप्रमाणे वर्षाला 5 हजार ते 20 हजार रुपये ग्रंथालय अनुदानाची तरतूद केली गेली. याच कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. म्हणजे तुम्ही-आम्ही! पुष्कळ ठिकाणी आपलं नाव कागदावर असतं आणि वही सहीसाठी घरी येते. आपणही भाजी चिरता चिरता सही करून टाकतो. पुढच्या सभेला जरा जाऊन बसा. कपाटाची किल्ली कोणाकडे असते, या महिन्यात किती पुस्तकं घरी गेली, पहिलीला पुस्तक मिळतं का, एवढं विचारा. आणि झिजलेल्या, हरवलेल्या पुस्तकांचं दरवर्षी रीतसर निर्लेखन व्हावं, असा ठराव मांडा. वापरून फाटलेल्या पुस्तकाचा जाब बाईंना द्यावा लागणार नाही, हे समितीनं लिहून दिलं तर कुलूप आपोआप सैल होतं. मी हे होताना पाहिलंय.

काही आयांना तीन पुस्तकांचं पटलेलं नाही. "गोष्टीच वाचत बसला तर अभ्यास कधी करणार? स्कॉलरशिपचं पुस्तक द्या त्यापेक्षा," असं एक ताई तावातावानं म्हणाल्या. त्यांची काळजी मला कळते. क्लासची फी त्या कशी भरतात ते मला माहीत आहे. पण ज्याला गोष्टीचं पान सलग वाचता येत नाही त्याला परीक्षेतला उतारा कसा वाचता येईल? त्या अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत, असो.

त्या ऑगस्टमधल्या शनिवारी मी वहीत रबरानं रेघ खोडायला गेले, पण शाईची रेघ कुठली खोडली जायला! शेवटी नवीन पान घेतलं आणि तिचं नाव पुन्हा लिहिलं. तिनं तीन पुस्तकं नेली, दुहेरी पिशवीत घालून. पुढच्या शनिवारी दोनच परत आली. तिसरं कुठंय, असं विचारलं तर म्हणाली, "आईचं वाचायचं राहिलंय. ती जोडाक्षराला अडते ना, मी सांगते तिला."

मी तारीख वाढवून दिली.